शेपटाला हात लावायचा नाही

आमच्या घरात कुठलीही वस्तू बंद पडू शकते, पण बंद राहू शकत नाही. कोणीतरी ती उघडतंच. बाबांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. दादा फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. दुकान विकल्यापासून बाबांचं सगळं सामान, म्हणजे भिंग, चिमटे, ब्रश, फुंकणी आणि तेलाच्या इवल्याशा बाटल्या, पुढच्या खोलीत खिडकीखालच्या टेबलावर आलंय. दुरुस्तीला आता घड्याळं येत नाहीत म्हणून बाबा घरच उघडत सुटलेत. दाराची कडी करकरते, उघड. किटली गळते, उघड. रेडिओ छान चालतोय, पण आवाज जरा घोगरा वाटतो, उघड. "उघडल्याशिवाय कळणार कसं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आई होती तोवर ती त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घ्यायची आणि तिथे चहाचा कप ठेवायची. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं, आणि मला ते कधीच जमलं नाही.

मी गाडी चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो आणि या धंद्यातलं सगळं कसब तो न दाबण्यात आहे. ऊठसूट दाबला तर समोरचा माणूस जन्मात शिकत नाही. अगदीच दाबला नाही तर आपण दोघंही जिवाला मुकतो. त्यामुळे दिवसभर माझा पाय त्या ब्रेकवर अधांतरी असतो, तोंडाने "शाब्बास, छान, आता हळूहळू क्लच सोडा" चालू असतं आणि मनात जे चालू असतं ते लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी पोटरी ठणकते. घरी आल्यावर कोणी माझ्या डोक्याला ताप देऊ नये, एवढी एकच माझी अपेक्षा असते.

तीन वर्षांपूर्वी मी नवऱ्याचं घर सोडून इथे आले. बाबांनी दार उघडलं, बॅग आत घेतली, चहा केला, आणि मी पहिला घोट घ्यायच्या आत समोर बसून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. नाही जमलं."

"नाही जमलं म्हणजे नेमकं काय?"

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. न्याहारीला, जेवताना, मी केस विंचरत असताना. "कधीपासून बिघडलं?" "कोणाचं चुकलं?" "त्यानं हातबित उगारला का?" "दुसरी कोणी होती का?" बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांना फक्त तुटलेला भाग शोधायचा होता. तो सापडला की काढायचा, पुसायचा, नवा बसवायचा. पण माझ्याकडे दाखवायला तुटलेला भागच नव्हता. माझा नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, बाहेर काही भानगड नव्हती. तो बोलत नव्हता, बस्स. आठवडेच्या आठवडे. मी खोलीत आले काय, गेले काय, खुर्चीला जेवढं कळेल तेवढंच त्याला कळायचं. आता हे भिंग लावून बसलेल्या माणसाला कसं दाखवायचं? "बोलत नव्हता? एवढंच?" असं बाबा म्हणाले असते, आणि ते ऐकायची माझी ताकद नव्हती. म्हणून मी "काही नाही" म्हणत राहिले आणि ते विचारत राहिले.

त्या दिवसांत घराबाहेर राहायला कुठलंही निमित्त मला चालायचं. अशीच एकदा नर्सरीत शिरले. तिथल्या भिंतीवर एक फोटो होता. माणसापेक्षा उंच, सरळसोट दांडा आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं शेकडो फुलं, खालून उमलत वर निघालेली. मला ते बघताक्षणी हवंसं झालं. इतक्या दिवसांत मला काही हवंसं वाटलं नव्हतं, त्यामुळे मी तिथेच थांबले.

"फॉक्सटेल लिली, म्हणजे कोल्ह्याचं शेपूट," नर्सरीवाला म्हणाला. "पण तुम्ही नका घेऊ."

"का?"

"लोक घेतात आणि मग माझ्याशी भांडायला येतात. दोन-तीन वर्षं फुलत नाही. मुळं खडूसारखी कटकन मोडतात. एकदा लावलं की हलवायचं नाही, उकरायचं नाही, उन्हाळ्यात वरून पाणी घालायचं नाही. पानं वाळतात, सगळं दिसेनासं होतं. तरी खाली ते जिवंत असतं. तेव्हा त्याला गप्प पडू द्यायचं. लोकांना तेवढंच जमत नाही."

"मला जमेल," मी म्हटलं. आणि ते अगदी खरं होतं. ज्याला एकटं सोडलं की बरं वाटतं असं घरात आणखी कोणीतरी असणार, या विचारानंच मला केवढा तरी आधार वाटला. बाबांचा विचार मी केलाच नव्हता.

खोक्यातून निघालं ते मूळ म्हणजे मधे एक बोथट डोळा आणि चहूबाजूंना पसरलेले जाड, पिवळट पाय. दादा रविवारी आला होता. त्यानं ते बघून "ऑक्टोपस आणलास का गं?" म्हणून घर डोक्यावर घेतलं. बाबांनी भिंग आणलं. मी दोघांनाही लांब उभं केलं आणि परसात भिंतीपासून जरा हटून, दिवसभर ऊन येईल अशा जागी खड्डा केला. त्यात जाड वाळूचा ढीग रचला, ढिगाच्या माथ्यावर ते मूळ बसवलं, एकेक पाय उतारावर अलगद पसरला आणि वरून डोळा जेमतेम झाकेल एवढीच माती लोटली. वाळू अशासाठी की पाणी साचू नये. पाणी साचलं की हे मधूनच सडतं. बाबा मागे हात बांधून बघत होते.

"आता पुढे काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

मी आत निघून गेले.

थंडी संपता संपता पट्ट्यासारखी लांब पानं वर आली. तुरा आला नाही, येणारही नव्हता. उन्हाळा तापायला लागल्यावर पानं पिवळी पडली, लोळली, वाळली आणि नाहीशी झाली. सगळं नर्सरीवाल्यानं सांगितल्याबरहुकूम. मी खूश होते. बाबांच्या जिवाची मात्र घालमेल चालली होती. "मेलं गं ते," दिवसाआड म्हणायचे. मी "नाही मेलं" म्हणायचे. मग एक दिवस मी दोन शिकाऊ मंडळींना परीक्षेला घेऊन गेले आणि परत येऊन परसात बघते तर तो ढीग एकदम सुबक झालेला. कडा सारख्या, माथा गुळगुळीत. बाबांचा हात फिरलेली वस्तू लगेच ओळखू येते, कारण ती आधीपेक्षा नीटनेटकी असते.

"बाबा, तुम्ही उकरलंत?"

"जिवंत आहे!" बाबांचा चेहरा असा फुलला होता की मला आणखीच राग आला. "अगदी ठणठणीत आहे. एक पाय तेवढा मोडला काढताना. पण मी बसवलाय."

"बसवलाय म्हणजे?"

बसवलाय म्हणजे त्यांनी मोडलेला पाय पुन्हा जागेवर धरून, आगकाडीचा टेकू देऊन, घड्याळाच्या कामातल्या केसासारख्या तारेनं तो सफाईनं बांधला होता. जगात दुसऱ्या कुठल्या माणसाला हे सुचेल असं मला वाटत नाही.

"बाबा, ते मूळ आहे! मनगट नाही!"

मी हे इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. रविवारी दादा आल्यावर मी त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं, तर तो बाबांचीच बाजू घेऊन बसला.

"अगं, पण जिवंत आहे ते कळलं ना?"

"मला आधीच माहीत होतं."

"कसं काय?"

"नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं."

बापलेकांनी एकमेकांकडे असं बघितलं, जणू मी न बघता, नुसतं ऐकून जुना फ्रिज विकत घेतला होता. या दोघांशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवले.

दुसऱ्या वर्षी पानं आली ती किरकोळ, बोटाएवढ्या रुंदीची. तुऱ्याचं नाव नाही. नर्सरीवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, "कोणी हलवलं का?" मी काय सांगणार? मी जाळी विकत आणली, ढिगाभोवती कुंपण केलं आणि बाबांना बजावून सांगितलं. उन्हाळा निभावला. थंडी पडली. एका सकाळी पहिली शिकवणी अचानक रद्द झाली म्हणून मी घरी परतले, तर बाबा जाळी बाजूला करून, गुडघ्याखाली उशी घेऊन, डोळ्याला भिंग लावून बसलेले. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फुंकणी. वाळूचा एकेक कण उडवून त्यांनी तो डोळा उघडा पाडला होता.

"हात नाही लावलाय," ते घाईघाईनं म्हणाले. "ब्रशनंच बघतोय फक्त."

मी माती परत लोटली, जाळी लावली, कामाला गेले. दिवसभर माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती आणि मी "शाब्बास, छान" म्हणत होते. कदाचित झालंही असतं तेवढ्यावर. पण संध्याकाळी जेवताना बाबांनी सहज विचारावं तसं विचारलं, "त्याचा फोन येतो का गं कधी?"

मी ताट ढकललं.

"बाबा, आता नीट ऐका. या घरात दोन वस्तूंना हात लावायचा नाही. एक तो ढीग आणि दुसरी मी. उकरायचं नाही, ब्रशनं बघायचं नाही, विचारायचं नाही. पुन्हा एकदा जरी झालं तरी मी इथे राहणार नाही. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली मी बघून आलेय. किल्ली मागायचा अवकाश आहे."

हे खरं होतं. खोली मी पाहिली होती. तिला एकच खिडकी होती, भिंतीला ओल होती आणि खालून दिवसभर मशीनचा घरघराट यायचा. तरी तिथे मला कोणी काही विचारणार नव्हतं. बाबा "बरं" म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. बाबा शब्द पाळतील यावर माझा विश्वास नव्हता, पण त्यांनी पाळला, आणि असा पाळला की मला वेड लागायची पाळी आली. परसात जाताना ते दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घ्यायचे, एखाद्या दुकानात काचेची भांडी बघायला शिरल्यासारखे. ढिगापासून चार हात लांब थांबायचे. घरातही तेच. मी आले की मान वर करायचे, खाली घालायचे. मी उशिरा आले तरी विचारत नव्हते. मला सर्दी झाली तर टेबलावर गोळी आणि पाण्याचा ग्लास ठेवलेला असायचा, पण कसं वाटतंय हे विचारत नव्हते. एकदा शिकाऊ माणसानं गाडी कठड्याला घासली, मी कपाळाला टेंगूळ घेऊन घरी आले. बाबांनी टेंगळाकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. मग बर्फ आणून दिला.

मला हवं तेच झालं होतं, तर मग मला बरं वाटायला हवं होतं की नाही? पहिला महिनाभर वाटलंही. मग वैताग यायला लागला. त्यांनी विचारलं तरी वैताग, नाही विचारलं तरी वैताग. जेवणाच्या टेबलावर चमच्यांचे आवाज ऐकत बसायचं मी दुसऱ्या एका घरात पुरेपूर भोगलं होतं. पण आता कोणत्या तोंडानं सांगणार? माझंच फर्मान होतं.

तिसऱ्या वर्षी थंडी ओसरायला लागली तेव्हा ढिगाच्या माथ्यावर कोंब आला. मुठीएवढा जाड, लालसर टोकाचा. पानांच्या मधे काहीतरी घट्ट, कणसासारखं बसलेलं. तुरा होता. मी परसातच दोन उड्या मारल्या आणि मागे बघितलं तर बाबा दारात, हात मागे.

"आलं का?" त्यांनी विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

"आलं," मी म्हटलं.

मग माझा जीव टांगणीला लागला. अजून पहाटे दव गोठत होतं, म्हणून रोज संध्याकाळी मी त्यावर पुठ्ठ्याचं खोकं उलटं घालायचे आणि सकाळी काढायचे. गोगलगायी वेचून टाकायचे. दांडा माझ्या कमरेला आला, खांद्याला आला, मग एका आठवड्यात बाबांच्या डोक्याच्या वर गेला. इतक्या अरुंद जागेवर एवढी उंच वस्तू उभी कशी राहते हेच नवल वाटायचं. त्याच वेळी खाली पानांची टोकं पिवळी पडायला लागली. मला माहीत होतं की असंच असतं, तुरा चढतो तेव्हा पानं उतरतात. बाबांना माहीत नव्हतं. ते चार हात लांब उभे राहून ओठ दाबून त्या पिवळ्या टोकांकडे बघायचे आणि मी काही म्हणायच्या आत सांगून टाकायचे, "मी काही केलं नाही हां."

"माहितेय मला."

"पाणीसुद्धा नाही घातलं."

"माहितेय, बाबा!"

दादानं रविवारी येऊन सल्ला दिला, "याला काठीचा आधार दे. वरून जड झालंय." हे मलाही कळत होतं. काठी मी आणलेलीही होती, भिंतीला टेकून उभी होती. पण काठी जमिनीत खुपसायची म्हणजे खाली पसरलेल्या एखाद्या पायातून आरपार जायची भीती. ढिगाला हात लावायचा नाही हे मी इतक्या वेळा म्हटलं होतं की आता माझाच हात धजत नव्हता. लांब ठोकून दोरी बांधू, उद्या बघू, परवा बघू, असं करत राहिले. आणि खालची पहिली फुलं उमलली. फिक्या शेंदरी रंगाची, चांदण्यांसारखी. मधमाश्या त्यांच्या हात धुवून मागे लागल्या होत्या. मी त्या दिवशी कामावर गेले तेव्हा गुणगुणत होते, आणि माझा त्या दिवशीचा विद्यार्थी, एक दातांचे डॉक्टर, मला म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही बऱ्या मूडमध्ये दिसताय."

वारा दुपारी सुटला. आधी रस्त्यावरचे कागद उडाले, मग दुकानांच्या पाट्या वाजायला लागल्या. दातांचे डॉक्टर रोगी घाबरला की जसे बोलत असतील तसे गाडीशी बोलत होते, "हं, आता थोडंसं, अगदी थोडंसं," आणि ताशी मुंगीच्या वेगानं चौक ओलांडत होते. मी गाडी कडेला घ्यायला लावली आणि घरी फोन केला.

"वारा आहे का तिकडे?"

"आहे ना," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बाहेरून येत होता. ते परसातच होते. "वाकतंय गं. खूप वाकतंय. मी जरा..."

"बाबा, तुम्ही काहीही करू नका. मी येतेय. हात लावू नका."

"अगं, पण..."

"हात लावू नका म्हटलं ना!"

मी फोन ठेवला. दातांच्या डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यापाशी सोडल्याशिवाय गाडी मला घेता येत नव्हती, आणि त्या दिवशी शहरातली एकूण एक माणसं रस्त्यावर उतरली होती. शेवटी मी त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः गाडी अशी हाकली की उतरताना ते पांढरेफटक पडले होते. परवाना काढायचा विचार त्यांनी त्याच दिवशी सोडला असावा.

घरात शिरले ती तडक परसात. बाबा ढिगाच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभे होते. पलंगावरची चादर त्यांनी दोन्ही हातांत दोन टोकं धरून डोक्यावर ताणली होती, आणि वारा त्या चादरीसकट त्यांना मागे ढकलत होता. एक चप्पल पायात, एक लांब उडालेली. आणि त्यांच्या पायाशी, जाळीवर आडवा पडलेला तुरा. बुडापासून वीतभर वर मोडला होता.

"केव्हा?"

"आत्ताच. तू यायच्या जरा आधी." बाबांनी चादर तशीच धरून ठेवली होती. "मी अडवत होतो वारा. पण तो फिरला गं मधेच. या बाजूनं आला."

"आणि तुम्ही काय करत होतात?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "डोळ्यांसमोर मोडलं आणि तुम्ही बघत उभे? समोर काठी आहे! दोरी आहे! धरायचं नाही? नुसतं हातानं धरून ठेवायचं नाही? एरवी सगळ्या घराला हात लावता, आणि आज, आजच..."

"मी हात नाही लावला," बाबा म्हणाले. "तू फोनवरसुद्धा म्हणालीस. अगदी इथे होता तो," त्यांनी हनुवटीनं आपल्या छातीसमोरची रिकामी जागा दाखवली. "धरला असता तर राहिला असता. पण तू गेली असतीस ना."

मी चादर त्यांच्या हातातून सोडवायला लागले, तर त्यांची बोटं वळली होती, सुटेनात. एकेक बोट मला उलगडावं लागलं. या बोटांना मी गेले कित्येक महिने घरात जागा ठेवली नव्हती. मला इतकी लाज वाटली आणि इतका संताप आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना. वाऱ्यावर ओरडून काय उपयोग? मी त्यांची उडालेली चप्पल शोधून आणली आणि ती त्यांच्या पायापुढे आपटली.

तुरा मी उचलून आत आणला. त्याला पुरेसं उंच असं घरात काहीच नव्हतं. शेवटी कपडे भिजवायची बादली पाण्यानं भरून बाबांच्या टेबलाशेजारी ठेवली, कोपऱ्याच्या भिंतीला टेकवून तो तिच्यात उभा केला. खालचा पाव भाग उमललेला, वरचा सगळा मिटलेला. शेंडा छताच्या जवळ गेला होता. बाबा खुर्चीवर बसले होते, हात मांडीखाली.

"मोडलंय तिथे फाटलंय," मी म्हटलं. "पाणी चढायचं नाही. तिरकं कापायला हवं."

बाबा हलले नाहीत.

"बाबा, कापा ना. मला एवढं नीट नाही जमणार."

मग त्यांनी हात बाहेर काढले. खणातून सगळ्यात धारदार ब्लेड काढलं, भिंग लावलं, बोटं चोळून चोळून गरम केली आणि दांडा गुडघ्यावर घेऊन एका फटक्यात असा कापला की एक धागा लोंबला नाही. मघाशी वळलेली ती बोटं आता अगदी स्थिर होती. मी बघत होते. मोडलेला तुरा, दुसऱ्यांदा कापलेला, पुन्हा बादलीत गेला आणि पाण्यात बारीक बुडबुडे आले.

बाहेर वारा पडत चालला होता. मी दिवा लावला. स्वयंपाकघरात जायला हवं होतं, पण मी तिथेच स्टुलावर बसले. बाबा ब्लेड पुसत होते, आणि इतक्या महिन्यांच्या सवयीनं माझ्याकडे बघायचं टाळत होते. ते मला सहन होईना.

"विचारा," मी म्हटलं.

"काय?"

"जे विचारायचंय ते. विचारा."

"नको. तू चिडशील."

"चिडेन. तरी विचारा."

ते ब्लेड पुसत राहिले. मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते: तो बोलत नव्हता, हे कुठून सुरू करायचं, एवढंच का असं ते म्हणाले तर काय सांगायचं, कोणाचं चुकलं याला काय उत्तर द्यायचं. तीन वर्षं मी ही उत्तरं टाळत होते, आणि आता ती द्यायची वेळ आली तर एकही धड येत नव्हतं.

"तिथे तुला इतका त्रास होता," बाबा म्हणाले, "तर तू आधी का नाही आलीस?"

एवढाच प्रश्न होता. यात कोणाचं चुकलं हे नव्हतं, काय बिघडलं हेही नव्हतं. या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती, आणि म्हणूनच असेल, खरं उत्तर माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही विचाराल म्हणून."

बाबांचं पुसणं थांबलं. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं, टेबलावर ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं. मग दोन्ही हात टेबलावर पालथे टाकून ते त्यांच्याकडे बघत बसले, आणि मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ घेतलं.